मामांच्या हातातली वायर

साखरा गावच्या त्या लग्नात नवरा-नवरी ज्वारीत बुडाले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी सांगताना गळ्यापर्यंत बुडाले असं सांगतो. तिथंच करवली म्हणून उभी असलेली एक मुलगी नंतर म्हणाली, घोट्यापर्यंत. ती जास्त जवळ होती, त्यामुळे तिचं खरं असेलही, पण सांगणारा मी आहे.

दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. वसमतला माझा कॉम्प्युटर क्लास होता. दिवसातला बराच वेळ लाईट नसायची, तेव्हा मी पोरांना फळ्यावर कीबोर्ड काढून टायपिंग शिकवायचो. लग्नसराई आली की क्लासला कुलूप आणि दादाबरोबर साउंड घेऊन गावोगाव. भोंगे, ॲम्प्लिफायर आणि तो चालवायला ट्रॅक्टरची बॅटरी दादाची. नांदेडहून आणलेला जुना लॅपटॉप माझा. लॅपटॉप इतका जड की मांडीवर घेतला तर पाय दुसऱ्या दिवशी जागा व्हायचा.

त्यातली सिस्टीम कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची होती. विकतची परवडायची नाही आणि चोरून घातलेली दर आठवड्याला व्हायरसनं तापायची. या फुकटच्या सिस्टीमची गंमत म्हणजे तिचं पोट उघडून आतलं सगळं लिखाण वाचता यायचं. वर दिसतं ते सोडा, अगदी तळाशी बसून मशीनचा गाडा हाकणारं जे कर्नल असतं, त्याचंसुद्धा. मी ते हौसेनं वाचायचो. समजायचं किती हा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला नव्हता.

तर लग्न. मोठ्या तिथीला आमच्या गुरुजींना इतकी लग्नं असायची की मोटरसायकलवरून उतरायचीही फुरसत नसे. म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात मंगलाष्टका माझ्या लॅपटॉपात भरून दिल्या होत्या. म्हणायचे, "मी पोचलो न्हाई तरी माझा आवाज मुहूर्तावर पोचला पाहिजे." मंगलाष्टका लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकातून ॲम्प्लिफायरला जायच्या. माईकसाठी मात्र पानाच्या डब्याएवढी एक डबी होती. तिची वायर लॅपटॉपला जोडली की माईकवरचं बोलणं आत जायचं आणि गाण्याबरोबर मिसळून भोंग्यातून बाहेर पडायचं. डबी वेगळी, मंगलाष्टकांचा रस्ता वेगळा, एवढं ध्यानात ठेवा.

साखऱ्याला शेवटची मंगलाष्टका संपत आली. मंडपातल्या ट्यूबलाइट लुकलुकल्या आणि गेल्या. त्याचं काही नाही, आमचं सगळं बॅटरीवर. गुरुजींचा आवाज म्हणाला, शुभमंगल सावधान. लोकांनी हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता टाकल्या. वाजंत्रीवाल्यांनी काठी उचलली. आणि आवाज म्हणाला, सावधान. लोकांनी परत अक्षता टाकल्या. सावधान. परत टाकल्या. सावधान, सावधान, सावधान, सावधान.

आता आपल्या माणसाला सावधान ऐकलं की हात उडवायची सवय. तो का कशाला विचार करत बसतो? मूठभर ज्वारी संपली तशी लोकांनी खाली पडलेली गोळा करून टाकली. ती संपली तशी कुणीतरी घरातून पोतं आणलं. वाजंत्रीवाले दर सावधानाला एक ठोका देऊन घामाघूम झाले. नवरदेव डोळे मिटून उभा. त्याला वाटलं, साखऱ्याची हीच पद्धत असेल. लॅपटॉप कुठलंच बटण ऐकेना. शेवटी मी त्याची बॅटरीच उपसून काढली, तेव्हा मंडप शांत झाला. त्या शांततेत नवरीच्या मुंडावळ्यांतून ज्वारी गळायचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

नवरीचे मामा तिच्या पाठीमागं, माझ्या टेबलाला लागूनच उभे होते. कनेरगाव नाक्यावर त्यांचा ढाबा. धोतर, पांढरी टोपी आणि भोंग्याची गरज नसलेला आवाज.

"काहून हो कॉम्प्युटरवाले," ते म्हणाले, "भाची माझी लग्नाला उभी हाय का पेरणीला?"

मंडप हसला. मी पण हसलो असतो, पण एक तकलीफ होती. याच मामांच्या मुलीशी माझी सोयरीक चालू होती. करवली म्हणून उभी होती ती हीच. पसंती झाली होती, सुपारी फुटायची बाकी होती. आणि मामा त्या दिवशी मुद्दाम होणाऱ्या जावयाचं काम बघायला टेबलाजवळ उभे राहिले होते.

"मामा, मशीन हाय," मी म्हणालो. "कधी कधी होतं."

"कधी कधी? लग्न काय कधी कधी ऱ्हातं का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हा गुण आमच्या खानदानात कुणी आणलाच नाही. मी एकदम छाती काढून म्हणालो, "मामा, माझ्या सोताच्या लग्नात हेच मशीन मंगलाष्टका म्हणंल. एक अक्षर जरी दोनदा आलं, तर बाशिंग उतरवून पायी वसमतला जातो!"

मामांनी सगळ्या मंडपाकडं एकदा बघून घेतलं. "चार माणसात बोललात बरं का. आता बराबर तसंच. अक्षर दोनदा आलं की वरात माघारी."

करवलीनं माझ्याकडं पाहिलं आणि पदरातली ज्वारी झटकली. त्या झटकण्यात मला माझं पुढचं सगळं आयुष्य मातीत सांडताना दिसलं.

घरी वहिनी बोलल्या. "भाऊजी, पायी यायचंय तर चप्पल तरी नवी घ्या. ह्या कनेरगावातच तुटतील."

दुसऱ्या दिवसापासून मी मशीनच्या मागं लागलो. एवढं तर मला कळत होतं की तोच तोच शब्द का आला. आवाजाचं काम रहाटासारखं चालतं. गोल फिरणारी गाडगी. एका बाजूनं कर्नल पाणी भरतं, दुसऱ्या बाजूनं साउंड कार्ड ओततं. भरणारा चक्कर येऊन पडला, तरी रहाट थांबत नाही. गाडग्यात होतं तेच पाणी परत परत ओतत राहतो. त्या क्षणी गाडग्यात गुरुजींचं सावधान होतं. पण भरणारा पडला कशानं?

मी घरात दिवसभर मंगलाष्टका लावून ठेवल्या. सकाळी शुभमंगल, दुपारी शुभमंगल, जेवताना शुभमंगल. मशीन एकदाही अडकलं नाही. गल्लीत इतकी शुभमंगलं झाली की शेजारचे एक म्हातारे विधुर इस्त्रीची टोपी घालून दारात उभे राहायला लागले. मी बॅटरी बदलली, ॲम्प्लिफायर बदलला, लॅपटॉप उन्हात ठेवला, मग माठाशेजारी ठेवला. एक दिवस तर खात्री करायला त्याच्यावर ज्वारीसुद्धा टाकली. ठणठणीत! माझ्यासमोर तो शहाण्या लेकरासारखा वागायचा आणि मला कळायचं नाही की परक्याच्या मंडपात ह्याला काय होतं.

सुपारी फोडायला आम्ही कनेरगाव नाक्याला गेलो तेव्हा माझा चेहरा बघून ढाब्यावरच्या आचाऱ्यानं विचारलं म्हणतात की कुणाचा दहावा आहे. ढाब्यामागं मामांचं घर. बैठकीत पंखा, कूलर, टीव्ही, कोपऱ्यात टेलिफोन. मोठी माणसं कपड्यालत्त्याचं बोलत होती. मी खाली बघून बसलो होतो. एवढ्यात पंख्यानं सूर बदलला.

मी शपथेवर सांगतो, पंखा अजून गरगरत होता. मामा बाजेवरून उठले ते मला दिसलेच नाहीत. मला फक्त ते दुसऱ्या भिंतीला दिसले. टीव्हीची पिन काढली, कूलरची काढली, वाटेत लटकलेली टेलिफोनची वायर ओढली, आणि जाता जाता माझ्या दादानं चार्जिंगला लावलेला मोबाईल वायरीसकट हातात आला. मग लाईट गेली. मग पंखा थांबला. आणि मामा परत बाजेवर, जणू उठलेच नव्हते.

चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली होती. हळूच म्हणाली, "आमच्या घरी आधी बाबा उठतात, मग लाईट जाते."

"मग?" मामा म्हणाले. "परत येताना व्होल्टेज किती येतं म्हाईत हाय का? नवा फ्रीज माझा कोळसा झाला. तवापासून लाईट लुकलुकली की जी वायर हाताला लागंल ती काढायची. मंग ती कुणाची का असंना."

माझ्या डोक्यात गुरुजींचा आवाज घुमला. सावधान.

"मामा," मी विचारलं, "साखऱ्याच्या लग्नात लाईट गेली तवा?"

"गेली ना. मी तुमच्याच टेबलाजवळ व्हतो. मागं हात घातला, घावली ती वायर काढली. आन् लाईट आल्यावर लावून बी दिली." मग थोडं दुखावल्या आवाजात, "न्हाई तर तुमचं मशीन तवाच जळलं असतं. अजून उपकार बी मानला न्हाई तुमी."

मी उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. सगळ्यांना वाटलं, पोरगा संस्कारी आहे. माझ्या छातीवरचा दगड उतरला होता हे कुणाला सांगू? इतके दिवस शत्रू कुठं आहे तेच कळत नव्हतं. आता तो समोर बाजेवर बसून सुपारी कातरत होता. हे त्यांना तोंडावर सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती, आणि सांगूनही उपयोग नव्हता. त्या हाताची सवय मोडणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं. सासरे दुरुस्त होत नसतात. मशीनच असं करायला पाहिजे, की ह्या हातानं काहीही उपटलं तरी ते उभं राहील.

घरी आल्या आल्या मंगलाष्टका लावल्या, माईक चालू केला आणि डबीची वायर काढली. काही नाही. परत काढली. काही नाही. माझे दोन्ही हात कीबोर्डवर लागायचे, म्हणून वायर काढायला वहिनींना बसवलं. वहिनी तूर निवडत निवडत मी सांगितलं की वायर काढायच्या, मी सांगितलं की लावायच्या. शेंगदाण्याची सालं काढावीत तशी हळूच, प्रेमानं.

"वहिनी, मामांसारखं ओढा की!"

"तुमच्या मामांसारखं ओढाया मी काय गाडीला बैल जुपून राहिले का?"

तेवढ्यात आतून लेकरू पडल्याचा आवाज आला. वहिनी सूप टाकून उठल्या, वायर त्यांच्या पायात अडकली, आणि अशी फाटकन निघाली की डबी उंबऱ्यापर्यंत गेली. सावधान, सावधान, सावधान, सावधान. मी जागेवर नाचलो. आत लेकरू रडतंय, बाहेर मी नाचतोय, शेजारचे म्हातारे टोपी घालून दारात हजर.

"लेकरू पडलं अन् हे नाचून राहिले!" वहिनी आतून ओरडल्या.

या वेळी पडद्यावर सगळी आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची जत्रा उमटली होती. मरताना कर्नलनं जबानी दिली होती, की मी कुठल्या ओळीवर असताना मेलो. ती ओळ होती त्या डबीच्या ड्रायव्हरमधली. ड्रायव्हर म्हणजे कर्नलच्या पोटातला तो भाग, ज्याला त्या एका डबीची भाषा येते. मी तो वाचायला बसलो, आणि जे दिसलं ते सांगायला एसटी बरी पडते.

गाडी कनेरगाव नाक्याला थांबते. एक गडी खिडकीजवळची जागा सोडून चहाला उतरतो. कंडक्टर म्हणतो, हा इथलाच, गेला. ती जागा तो एका बाईला देतो. गडी चहा पितो, सुटणाऱ्या गाडीत धावत चढतो, आणि न बघता आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतो. पुढचं सांगायला नको. ती बाई साखऱ्याची असली तर गडी वाशिमपर्यंत बोंबलत जातो.

ड्रायव्हरचं तेच. डबी उपटली गेली की तिच्यासाठी राखलेली मेमरी तो लगेच मोकळी करायचा, आणि कर्नल ती दुसऱ्याला द्यायचं. पण माईकच्या आवाजाचा एक बोजा आधीच वाटेत निघालेला असायचा. तो यायचा आणि बिनधास्त जुन्या जागेवर बसायचा. तिथं आता भलत्याचंच महत्त्वाचं काही. कर्नल कोसळायचं. हळूच वायर काढली तर वाटेतला बोजा पोचून गेलेला असायचा, म्हणून वहिनींच्या हातानं काही होत नव्हतं. फाटकन ओढली तर दोघांची शर्यत लागायची: जागा मोकळी करणारा आधी, का बोजा आधी? बहुतेकदा बोजा जिंकायचा. मामांच्या हातानं मात्र तो हरायचा, आणि एकदा वहिनींच्या पायानं. त्या हाताइतकं चपळ जगात दुसरं काही नसावं, म्हणून जगात ही चूक दुसऱ्या कुणाला सापडली नसावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग मी कंडक्टरला शिस्त लावली. आधी नवं कुणी निघणार नाही अशी तजवीज कर. मग वाटेत आहेत ते सगळे आले का बघ, नसतील तर थांब. आणि मगच जागा दुसऱ्याला दे. लिखाणाच्या काही ओळी खालच्या वर आणि वरच्या खाली, दोघं एकदम घुसू नयेत म्हणून एक कुलूप. वहिनींना म्हणालो, "ओढा!" त्यांनी आता मजा म्हणून ओढलं. मंगलाष्टका चालूच राहिल्या. पण माईकचा प्रोग्राम बंद होईना आणि उघडेना. कुलूप चुकीच्या जागी बसलं होतं. कंडक्टर म्हणे, गाडी हलव मग बेल देतो. एसटीचा ड्रायव्हर म्हणे, बेल दे मग हलवतो. आणि गाडी जन्मभर नाक्यावर. ते सोडवायला जास्त दिवस गेले. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, हळद दळून आली, आणि मी कुलपाची जागा शोधत होतो.

शेवटी इंटरनेट कॅफेत जाऊन, त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या परदेशातल्या एका गृहस्थाला मी सगळं लिहून पाठवलं. त्यानं उलट विचारलं: रेकॉर्डिंग चालू असताना मधेच वायर कोण उपटतं? मी लिहिलं: माझे होणारे सासरे. त्यानं विचारलं: हे पुन्हा पुन्हा घडवून दाखवता येतं का? मी लिहिलं: लाईट गेली की दर वेळी.  मग त्यानं कुलूप एक पायरी अलीकडं लावायला सांगितलं. लावलं. वहिनींनी ओढलं, दादानं ओढलं, शेजारच्या म्हाताऱ्यांनी टोपी सावरून ओढलं. मशीन हललं नाही. तरी मला झोप लागेना. कारण खरा हात अजून लागलाच नव्हता.

लग्न कनेरगाव नाक्याला, गोरज मुहूर्त. मला बाशिंग बांधून पाटावर उभं केलं. समोर अंतरपाट, त्याच्यापलीकडं ती. लॅपटॉप तिच्या बाजूला, टेबलावर. मी दादाला शंभरदा सांगितलं होतं की तू टेबल सोडू नकोस. पण मामांनी दादाला हाताला धरून वाजंत्रीवाल्यांकडं पाठवलं आणि स्वतः टेबलाजवळ उभे राहिले. "मशीनवर माझा सोताचा डोळा पाहिजे," म्हणाले. माईक हातात घेऊन पाव्हण्यांना अक्षता नीट टाका, पोतं आणायचं नाही, अशी सूचना पण दिली. मंडपात हशा. साखऱ्याची सगळी मंडळी पुढच्या रांगेत बसली होती, आणि माझा पाय वसमतच्या वाटेवर एक बोट पुढं सरकला होता.

गुरुजींचा आवाज सुरू झाला. पहिली गेली, दुसरी गेली. शेवटचीला मंडपाच्या माळा लुकलुकल्या.

अंतरपाटामुळं मला काही दिसत नव्हतं. पण त्या माणसाची मला इतकी ओळख झाली होती की धोतराची सळसळ कळली. मग फाट असा आवाज. वायर निघाल्याचा. मग माळा गेल्या. मी डोळे मिटले.

शुभमंगल सावधान, गुरुजींचा आवाज म्हणाला.

अक्षता पडल्या. वाजंत्रीवाल्यांनी काठी उचलली. मी ऐकत राहिलो. माझ्या आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन काहीच ऐकलेलं नाही. काही आलं नाही. सावधान एकदाच. नंतर रेकॉर्डिंगच्या शेवटी गुरुजी खाकरले होते, तेसुद्धा एकदाच, जिथं खाकरायचे तिथंच. मग वाजंत्री कडाडली. मी इतका मोठा श्वास सोडला की अंतरपाट माझ्या श्वासानं खाली आला असं मी सांगतो. खरं तर धरणाऱ्यांनी सोडला.

अंतरपाट खाली आला तेव्हा मला पहिला चेहरा नवरीचा दिसायला हवा होता. मला दिसले तिच्या खांद्यावरून मामा. एका हातात बंद पडलेला माईक, त्यावर ते मोठमोठ्यानं बोलून राहिले होते आणि एक शब्द भोंग्यातून येत नव्हता. दुसऱ्या हातात वायर, तिला लटकलेली माझी डबी, बाजारातून आणलेल्या वांग्यासारखी.

माईक येत नाही म्हटल्यावर मामांनी तो टेबलावर ठेवला आणि बिनभोंग्याचंच बोलले, जे पार वाशिमच्या एसटीतल्या लोकांनी ऐकलं असणार. "बघितलं का जावईबापू? मी वायर वेळंवर काढली म्हणून तुमचं मशीन आज बराबर चाललं!"

नवरीनं मान खाली घातली. हसू दाबताना तिच्या मुंडावळ्या हलत होत्या.

"व्हय मामा," मी म्हणालो. "तुमच्यामुळंच."